कृष्णातच्या खिशातली पिन

कृष्णात चौगले नेमकं काय काम करतो, हे कागलच्या त्याच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. "बोटीवर कॅप्टन हाय," एवढ्यावर भागतं. श्रीमंतांच्या शिडाच्या नौका परदेशातून गोव्याला सुट्या भागांत येतात. त्यांची डोलकाठी उभी करायची, तिच्या तारा ताणायच्या, इंजिन तपासायचं, समुद्रात चालवून बघायचं आणि मग नौका मालकाच्या हाती सोपवायची, हे एका कंपनीत त्याचं काम. बारा वर्षांत अशा एकतीस नौका त्यानं पाण्यात घातल्या. बत्तिसावीची डोलकाठी पहिल्याच फेरीत मोडून पडली.

त्या नौकेची एक ब्राँझची कडी वाटेत गहाळ झाली होती. डोलकाठीची तार डेकला याच कडीनं जोडतात. मालकाला घाई होती. कृष्णातनं उद्यमनगरात अण्णासो मिस्त्रींना फोन लावला. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं त्यानं त्यांच्या भट्टीवर काढली होती. धातू कसा ओतायचा, ते त्याला कॉलेजनं नाही, अण्णासोंनी शिकवलं. चौथ्या दिवशी कडी गोव्यात हजर झाली.

कडीतून एक जाड पिन जाते. ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात एक बारीक पिन अडकवतात. कृष्णात ती बारीक पिन लावणार, तेवढ्यात मालकानं हाक मारली. भटजींनी नारळ वाढवला होता. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, म्हणून त्यानं हातातली पिन खिशात टाकली, पेढा घेतला, नमस्कार केला. मग शिडं चढली.

वाऱ्यानं नौका कलली, जाड पिन निसटली आणि डोलकाठी कडाडून आडवी झाली. कुणाला लागलं नाही. कडीचे मात्र त्या दणक्यात दोन तुकडे झाले. विम्याच्या माणसानं विचारलं, काय तुटलं? कृष्णातनं तुकडे पुढं केले. "हे. ओतकाम कच्चं असणार."

संध्याकाळी आंघोळीला जाताना पँटचे खिसे रिकामे केले, तेव्हा पिन हाताला लागली.

सहा महिने तो घराकडं फिरकला नाही. दिवाळीला आला, तर अण्णासोंचं बोलावणं आलंच.

"आलास व्हय कॅप्टन?" भट्टीच्या दारातच आक्काताई, अण्णासोंची बायको, म्हणाली. "बघ बाबा ह्यांच्याकडं. कडी कच्ची व्हती म्हणून तुमच्या कंपनीचं पत्र आल्यापास्नं भट्टी पेटिवली न्हाय. पंपाचं काम बी परत धाडलं."

एक वस्तू ओतली की जोडीला दुसरी ओतून ठेवायची, ही अण्णासोंची जुनी सवय. ती दुसरी कडी त्यांनी कापून तिच्या सात चकत्या केल्या होत्या. घासून आरशासारख्या केलेल्या.

"रोज बघतोय," त्यांनी भिंग पुढं केलं. "एक बुडबुडा गावंना. माझी नजर गेली असंल. तू शिकलेला हाईस. घाण कुठाय, दाव मला. म्हंजे मी गप बसतो."

कृष्णातनं भिंग धरलं. कुठंही बोट ठेवून "हितं" म्हटलं असतं, तरी म्हाताऱ्यानं मान डोलावली असती. हे सुचलं, त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"घाण न्हाय, अण्णा."

त्यानं पाकिटातून पिन काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पेढ्यासकट.

अण्णासोंनी पिन उचलून तळहातावर घेतली.

"डाव्या हातात धरायची व्हतीस की."

"व्हय."

आक्काताई चहा घेऊन दारापर्यंत आली होती. ती कप घेऊन तशीच माघारी वळली.

"लिही," अण्णासो म्हणाले. "त्यास्नी इंग्रजीत धाड. मला मराठीत दे."

कृष्णातनं लिहिलं, की नजरचुकीनं पिन लावायची राहिली, कडीत दोष नव्हता. अण्णासोंनी चष्मा लावून वाचलं.

"'नजरचुकीनं' खोड. 'खिशात घातली', असं लिही."

त्यानं खोडलं, लिहिलं.

"आणि गावली कवा?"

"त्याच दिवशी."

"मग तारीख घाल की."

हे पत्र गेलं की त्याच्या हाती पुन्हा कुणी नौका देणार नाही, हे कृष्णातला ठाऊक होतं. त्यानं तारीख घातली. अण्णासोंनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते भट्टीतली जुनी राख ओढायला उठले. तो मदतीला पुढं झाला, तर त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.