भावोजींची खातरजमा

माझ्या भावोजींना आमच्या गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्यांना 'खातरजमा' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ठाऊक आहे. कुलूप लावलं की ते ओढून बघणार, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणार आणि पुन्हा ओढून बघणार. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी विचारलं, "कसे आहेत गं?" तर म्हणाली, "माणूस लाखात एक आहे, पण मी समोर बसून जेवत असते तेव्हा विचारतात, तू जेवतेयस ना नक्की?"

त्यांचं दुकान मोटारी भरण्याचं. पंपाच्या, पंख्यांच्या, पिठाच्या गिरणीच्या जळलेल्या मोटारी लोक आणून टाकतात. भावोजी त्या उघडतात, आतली काळी पडलेली तार काढतात, तेवढ्याच वेढ्यांची नवी तांब्याची तार भरतात, वरून वार्निश पाजतात, वाळवतात आणि मोटार चालू करून देतात. दुकानात पाय ठेवला की वार्निशचा वास नाकात शिरतो आणि घरी येऊन डोकं धुतलं तरी निघत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही. पण शाळा सुटली की मी तिकडे डोकावते, कारण दुकानाच्या वरच ताईचं घर आहे.

असा हा पावलोपावली शंका काढणारा माणूस, त्यानं एकच गोष्ट आयुष्यभर तपासून न बघता मानली होती, आणि ती म्हणजे देव. रोज सकाळी शटर वर ढकलायच्या आधी ते क्षणभर डोळे मिटून उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "सगळ्यांना सांभाळ. हिला बरी ठेव." बस, एवढंच. गावाला जाताना शेजाऱ्याला 'घराकडे जरा लक्ष असू द्या' म्हणून सांगावं, तशा सुरात. ताई वरच्या खिडकीतून ते ऐकायची आणि मगच चहाचं आधण ठेवायची. यांचं देव ऐकतो, असं ती भेटेल त्याला सांगायची.

मग ताईला जिना चढताना धाप लागायला लागली. आम्ही आधी वजनावर ढकललं, मग वयावर. शेवटी डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं: एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतंय, झडप बदलावी लागेल. त्यासाठी हृदय थोडा वेळ बंद ठेवणार, तोवर यंत्र रक्त फिरवणार, आणि काम झालं की हृदय पुन्हा सुरू.

"बंद करणार?" भावोजी खुर्चीतून अर्धवट उठले. "चालू आहे ते मुद्दाम बंद करणार?"

डॉक्टर शांतपणे हो म्हणाले.

"मी चालती मोटार कधी उघडत नाही, साहेब. गिऱ्हाईक हातापाया पडलं तरी."

"पण ही नीट चालत नाहीये ना," डॉक्टर म्हणाले. भावोजी पुन्हा खाली बसले. मग त्यांनी विचारलं की हे गळणं कधीपासूनचं असेल. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं झाली असतील, हळूहळू वाढत गेलंय.

घाव बसला तो या वाक्याचा. मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी पाहिलं की शटर उघडं आहे आणि भावोजी आत बसलेत, पण ताई खिडकीत उभीच आहे, त्यांच्या रोजच्या शब्दांची वाट बघत. मी आत गेले. ते कॉइलची तार उगाचच गुंडाळत होते, उलगडत होते.

"मी रोज म्हणत होतो, हिला बरी ठेव," ते म्हणाले. "आणि तेव्हाच आत गळत होतं. रोज. मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होतो?"

मला राग आला. का आला ते सांगता येणार नाही, बहुतेक मलाही उत्तर सुचलं नाही म्हणून. मी म्हटलं, "आता हे विचारायची वेळ आहे का? तिला धीर द्या आधी."

"तेच तर," ते म्हणाले. "काल मला म्हणाली, मला आत नेतील तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहून नेहमीसारखं म्हणा, मग मला कसली भीती नाही. आता मी काय म्हणू? मनात नसताना म्हटलं तर तिला आवाजावरून कळतं. मी चहाला छान म्हटलं तरी तिला कळतं की साखर कमी आहे."

हे खरं होतं. ताईसमोर त्यांचं कधीच काही लपलं नाही. म्हणजे शब्द म्हणावे तर खोटे पडणार, आणि न म्हणावे तर ती घाबरलेल्या जिवानं आत जाणार. यातून त्यांनी त्यांच्या स्वभावाला साजेसाच मार्ग काढला. ते म्हणाले, "मला एक खूण हवी. लहानशी चालेल. तो आहे, एवढं कळलं की पुरे. मग मी मनापासून म्हणेन."

"देव काय कुरिअरवाला आहे," मी म्हटलं, "पोच द्यायला?"

ते हसले नाहीत.

पहिली खूण त्यांनी एका पंपावर लावली. कुणीतरी आणून टाकलेला जुनाट पंप, त्याची आशा त्यांनी सोडलेली. हा चालू झाला तर तो आहे, असं त्यांनी ठरवलं. पण समोर मोटार ठेवून हात बांधून बसायचं, हे या माणसाला जन्मात जमलेलं नाही. जाता-येता एक स्क्रू पिळला, मग बेअरिंग बदललं, मग 'सहज' म्हणत सगळी तारच नवी भरली. पंप सुरू झाला, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन गेलं. भावोजी मात्र तोंड पाडून बसले. "मीच दुरुस्त केला," ते म्हणाले. "यात त्याचं काय?" मी म्हटलं की दुरुस्त करायची बुद्धी त्यानंच दिली असेल. त्यावर ते म्हणाले, "असं धरलं तर मग कशालाही काहीही म्हणता येईल." हेही पटण्यासारखंच होतं.

दुसऱ्या वेळी त्यांनी पक्कं ठरवलं की हत्यार हातात घ्यायचंच नाही. त्यांच्याकडे तपासायचा एक दिवा आहे. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, विजेला जोडलेला बल्ब आणि त्याला दोन मोकळ्या वायरी. वायरी मोटारीच्या तारेच्या दोन टोकांना टेकवायच्या. तार सलग असेल तर बल्ब लागतो, तुटलेली असेल तर लागत नाही. कोपऱ्यात भंगारात द्यायची एक पार जळून कोळसा झालेली मोटार पडली होती. तिला वायरी टेकवून दिवा लागणं शक्यच नव्हतं. म्हणूनच त्यांनी ती निवडली.

मी तेव्हा दारातच होते. भावोजींनी मोटार बाकावर ठेवली, दोन्ही हातांत वायरी घेतल्या, डोळे घट्ट मिटले, ओठ हलवले आणि वायरी टेकवल्या. बल्ब लागला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. झगझगीत नाही, पण लागला. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं, त्यांनी डोळे उघडले, बल्ब पाहिला, वायरी टाकल्या आणि खुर्चीला धडकत जिन्याकडे धावले. मीही मागे. चार पायऱ्या चढले असतील, आणि मध्येच थांबले. मी त्यांच्या पाठीवर आदळले.

"मी वायरी कुठे टेकवल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"टोकांना, की बॉडीला?"

मग जिन्यातच उभं राहून त्यांनी मला समजावलं. दोन्ही वायरी तारेच्या टोकांना टेकल्या असतील तर दिवा लागणं चांगलं. पण एक वायर टोकाला आणि दुसरी मोटारीच्या लोखंडी अंगाला लागली असेल, तर तोच दिवा लागणं सगळ्यांत वाईट. म्हणजे आत करंट फुटून भलतीकडे जातोय, मोटार कामातून गेली. "दिवा तोच लागतो," ते म्हणाले. "कुठे हात लावला यावर सगळं आहे. आणि माझे डोळे मिटलेले होते! तू पाहिलंस ना?"

मी पाहिलं नव्हतं. मी दिव्याकडे बघत होते.

"आठव ना जरा."

"भावोजी, चमत्कार होत असताना माणूस चमत्काराकडे बघतो, वायरींकडे नाही!" मी ओरडलेच.

आम्ही खाली आलो. पुन्हा तपासावं की नाही यावर त्यांची घालमेल सुरू झाली. पुन्हा विचारलं तर तो अविश्वास झाला, नाही विचारलं तर रुखरुख राहणार. शेवटी स्वभावावर गेले आणि वायरी उचलल्या, या वेळी उघड्या डोळ्यांनी. टोकांना लावल्या, दिवा लागला नाही. अंगाला लावल्या, तरी नाही. उलटसुलट करून पाहिलं. बल्ब काढून दुसरा लावला. काहीच नाही. मघाशी वायरी टाकल्या त्या धक्क्यानं, ज्यातून करंट गेला तो आतला कोळसा झडला असेल, असं ते पुटपुटले. मग म्हणाले, "पण लागला होता ना?" मी म्हटलं लागला होता. "नक्की?" मी म्हटलं नक्की. पण एव्हाना मलाच शंका यायला लागली होती.

खरं सांगते, त्या दिवसांत माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. भावोजींना हसणारी मी, शाळेच्या रस्त्यावर सिग्नलपाशी मनात म्हटलं, मी पलीकडे पोचेपर्यंत हिरवा राहिला तर ताई वाचेल. आणि जवळजवळ पळतच निघाले. मधोमध असताना तो पिवळा झाला. आता पिवळ्याचा काय अर्थ लावायचा? दिवसभर वर्गात नकाशा शिकवताना मी तोच विचार करत होते. मुलांनी दोनदा सांगितलं, बाई, नकाशा उलटा आहे.

ऑपरेशनच्या सकाळी ताईला हिरवा गाऊन घालून चाकांच्या खाटेवर आणलं. केस टोपीत बांधलेले, त्यामुळे ती एकदम लहान दिसत होती. बांगड्या काढून तिनं माझ्या हातात दिल्या होत्या. दाराशी सिस्टर म्हणाल्या, "बोलून घ्या, पण लवकर." ताईनं भावोजींचा हात धरला आणि डोळे मिटले, वाट बघत.

भावोजी काही बोलेनात. मी मागून त्यांना कोपर मारलं.

"अहो, म्हणा ना," ताई म्हणाली.

"मला खात्री नाही गं," ते एकदम बोलून गेले. "तो आहे का, ऐकतो का, मला काही कळत नाही. मी खूप पाहिलं. तुझ्याशी खोटं कसं बोलू?"

मला वाटलं आता जमिनीनं पोटात घ्यावं. या घडीला असं बोलायचं? ताईनं डोळे उघडले. घाबरेल, रडेल असं वाटलं. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मला तरी कुठे होती खात्री?" ती म्हणाली. "मी आपली तुमच्या भरवशावर होते."

"काय?"

"तुम्ही इतकी खातरजमा करणारे. म्हटलं, यांनी पाहूनच घेतलं असणार."

भावोजींचं तोंड उघडंच राहिलं. सिस्टर घड्याळाकडे बघायला लागल्या. ताईला हसू आलं आणि हसता हसता धाप लागली. दम खात ती म्हणाली, "आता असू दे. तरी म्हणा. त्याला नाही तर नाही, मला ऐकू येईल असं म्हणा. तुमचा आवाज ऐकत आत जाऊ दे मला."

मग ते म्हणाले. नेहमीच्या सुरात नाही. "सगळ्यांना सांभाळ," ते म्हणाले. "हिला बरी ठेव." खाट हलली. ते बरोबर चालत राहिले. "हिला बरी ठेव. तू असलास तर ऐक, नसलास तर ही ऐकतेय." दाराशी सिस्टरनं त्यांना हातानं अडवलं, खाट आत गेली, दार मिटलं. आता ऐकायला ताई नव्हती. भावोजी बंद दारासमोर उभे होते आणि बोलतच होते. मी त्यांना थांबवायला पुढे झाले आणि तशीच मागे फिरले. मला रडू आवरत नव्हतं.

दुपार कशी गेली ते मला आठवत नाही. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. झडप नीट बसली, म्हणाले, हृदय पुन्हा छान सुरू झालंय. मी त्यांचे हातच धरले. भावोजींनी मात्र विचारलं, "कसं सुरू केलंत?"

"काही करावं लागलं नाही. रक्त आत सोडलं आणि आपोआप सुरू झालं."

"आपोआप म्हणजे? कळ कुणी दाबली?"

"कुणीच नाही. बहुतेक वेळा होतं असं."

"बहुतेक वेळा," भावोजी म्हणाले. "म्हणजे नेहमी नाही?"

"नेहमी नाही. कधीकधी झटका द्यावा लागतो."

"मग हिच्या वेळी का नाही लागला?"

डॉक्टरांनी खांदे उडवले, थकलेलं हसले आणि निघून गेले. भावोजी भिंतीच्या कडेला जाऊन उभे राहिले. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी जवळ गेले. आभार मानत होते की भांडत होते, काही कळेना. मला राहवलं नाही, मी विचारलं, "काय बोलताय त्याच्याशी?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त हात वर करून मला थोपवलं.

"मलाही अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "तू जरा थांब. माझं बोलणं चाललंय."