वरून हिरवं दिसतंय

दूध संस्थेच्या ओट्यावर टेम्पोची वाट बघण्यात माझ्या निम्म्या संध्याकाळी गेल्या. माप झालं, कॅन भरले, की हाताला धंदा नसायचा. मग माणसं वर बघायची. दिवस मावळून घटकाभर झाला की एखादा उजेडाचा ठिपका खालच्या अंगानं निघायचा आणि न थांबता वर चढायचा. विमानाचा दिवा लुकलुकतो, हा लुकलुकत नाही. कधी कधी ऐन माथ्यावर येऊन विझतो, कुणी फुंकर मारल्यागत. मी दुसरीत शाळा सोडली, पण उपग्रह सगळ्यांच्या आधी मला दिसायचा. लेक लहान असताना खांद्यावर बसून माझ्या डोक्यावर थापा मारायची, "दादा, त्ये बघा गेलं!" तिच्याही आधी मी बघितलेलं असायचं. कुणालाही विचारा.

पाऊस आलाच नाही, त्या वर्षी संस्थेनं जनावरांची छावणी लावायचं ठरवलं. जागा आमच्याच माळावर, चारा संस्था आणणार. फक्त सरकारच्या दुष्काळी यादीत आमचा भाग यायला पाहिजे होता. माझ्या दावणीला एकच देवणी गाय उरली होती आणि कडब्याची गंजी भुईला टेकली होती. छावणी झाली तर गाय जगणार, नाही तर नाही.

यादी आली. आमचा भाग तीत नव्हता.

तलाठी भाऊसाहेब ओट्यावर आले, तेव्हा मी विचारलं, "कावून न्हाई? हितं प्यायला टँकर येतोय, अन् दुष्काळ न्हाई?"

"मामा, आता उपग्रहावरून फोटो काढतेत." त्यांनी आभाळाकडं बोट केलं. "तुमच्याकडं हिरवं दिसतंय."

संस्थेचा सचिव हसला. "मामा, ह्यो तर तुमचाच दोस्त! रोज त्याला रामराम घालता, अन् त्यानंच चुगली केली की."

सगळे हसले. मी हसलो नाही. हिरवं होतं, हे मला ठाऊक होतं. नदीच्या कोरड्या पात्रात आणि बांधाबांधानं वेडी बाभळ माजली होती. तिला पाऊस लागत नाही आणि तिच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही. पण वरून बघणाऱ्याला हे कुणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन नदीत उतरलो. घरची मागोमाग आली.

"आवो, काय चाललंय ह्ये?"

"हिरवं काढतोय."

"समद्या नदीचं?"

"माझ्या बांधापुरतं तरी खरं दिसू दे."

"त्याला तुमचा बांध वळखू येतो व्हय?"

मी पुढच्या फांदीवर घाव घातला. काट्यांनी हात सुजले. गावातले चौघे आधी काठावरून हसत होते, मग तेही कुऱ्हाडी घेऊन आले. दुसरं करण्यासारखं त्यांच्याकडं तरी काय होतं? एका संध्याकाळी ठिपका डोक्यावरून चालला, तेव्हा आम्ही तोडलेल्या फांद्यांजवळ उभे राहिलो.

"टोप्या नीट करा बे, फोटू निघतोय," एकजण म्हणाला.

काठावर आलेला सचिव म्हणाला, "मामा, फोटो काढणारा ह्योच कशावरून? वर असले लई हायत."

"मग समद्यांनीच बघावं," मी म्हणालो.

यादी बदलली नाही. बाभळीच्या बुडख्यांना मात्र फुटवा आला. जमिनीत थेंब नसताना, पहिल्याहून हिरवा. त्या दिवशी मी कुऱ्हाड वळचणीला खोचली.

शेवटी लेकीचा निरोप आला. तिचं सासर घाटनांदूरच्या अंगाला. तिकडचा भाग यादीत होता, छावणी लागली होती. "आमच्या जनावरांत तुमचं एक," तिनं कळवलं.

आमच्यात लेकीच्या घरचं खात-पीत नाहीत. नातवंड झालं की बाकीचे हा नेम सोडतात, मी सोडला नाही. तिच्याकडं गेलो तरी भाकरी आणि पाणी घरून न्यायचो. ती रडली, भांडली, तरी मी ऐकलं नाही. आता माझी गाय तिच्या दारचं खाणार होती.

छोट्या टेम्पोत गाय घालून नेली. वाटेत ती धापा टाकायला लागली, तेव्हा माझी पाण्याची बाटली मी तिच्याच तोंडात रिकामी केली. छावणीत लेकीनं बादली पुढं केली. गाईनं मुंडी घातली ती तळ दिसेपर्यंत वर काढली नाही. मी गाईला कोणत्या तोंडानं नको म्हणणार होतो?

मग लेक तांब्या भरून माझ्यापुढं उभी राहिली. दिवस मावळला होता. तिनं सहज वर बघितलं.

"दादा, त्ये बघा गेलं."

मी मान वर केली. मला कुठंच दिसेना.

"कुठं गं?"

"त्ये काय, लिंबाच्या वर."

बऱ्याच वेळानं सापडलं. ती तांब्या धरूनच उभी होती. मी तो घेतला. ओठ न लावता वरून पाणी प्यायचं तर तोंड आभाळाकडं करावंच लागतं. तांब्या रिकामा झाला तोवर ठिपका विझला होता. तरी मी मान खाली केली नाही, कारण खाली समोर लेक होती.