गार ताटांचं दुखणं

आमच्या सुरतच्या घरी भांडी धुवायचं मशीन आलं, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. "भांडा धोवाले कोनी वीज जाळस का?" कापडाच्या मिलमध्ये आयुष्य गेलं, पण घरात बोलणं अहिराणीच. आणि नवी वस्तू आली की तिला आधी शिवी, मग बाकीचं.

मशीन काही महिने छान चाललं. मग एका रविवारी ताटं काढली तर गारेगार, शेवभाजीचं तेल जसंच्या तसं. पाणी तापतच नव्हतं.

नवरा हजिऱ्याला पोलादाच्या भट्टीवर कामाला. लोखंडाचं पाणी करणाऱ्याच्या घरात पाणीच तापेना, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्याने प्रोग्रॅम बदलून पाहिला. मग प्लग काढून, मशीन आडवं करून त्याच्या पोटात डोकं घातलं. मीटर लावला. हीटर ठणठणीत!

"मग तापत का नाही?" तो माझ्यावरच खेकसला.

"तुझं डोकं तापलंय ना, तेच ठेव आत," मी म्हटलं आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने हिंदीत समजावलं, की आत पाणी नीट फिरलं नाही तर हीटर चालूच होत नाही. तळाची जाळी बघा.

मशीन उभं करून नवऱ्याने खालचा रॅक काढला, आत हात घातला आणि ओरडून मागे सरकला. जाळीवर, शितं आणि मिरचीच्या सालींच्या चिखलात, वरच्या दातांची कवळी हसत बसली होती.

हिरडी दुखते म्हणून सासरे काही दिवस खिचडीवर होते. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"चमचास्मा ठेयेल व्हती," ते म्हणाले. "गरम पानीमा चांगली निंघस."

"कव्हयपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"मशीन उनं तव्हयपासून."

म्हणजे मशीन आल्या दिवसापासून! घरातलं प्रत्येक ताट, वाटी, पेला, अगदी पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेलाही, सासूबाईंनी सिंकजवळ आणला आणि पदर खोचून घासायला घेतला. मला हसू आवरत नव्हतं.

नवऱ्याने जाळी धुतली, मशीन लावलं. दार उघडताच वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. "तापलं!" तो ओरडला. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सासऱ्यांनी कवळी खळखळून धुतली, तोंडात बसवली आणि भाकरी मागितली. सासूबाईंनी वाढली, कागदी डिशमध्ये.