मशीनवरचं झाकण

नर्सबाईंनी सात पिढ्यांतलं पहिलं स्वतःचं घर घेतलं, तेही जिथे वडिलांची हयात गेली त्याच पत्र्याच्या कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. हौसेनं त्या वडिलांना घर दाखवायला घेऊन आल्या. खाली लॉबीत पत्रा कापायचं जुनं मशीन रंगरंगोटी करून शोभेला ठेवलं होतं. वडील त्यापुढे थबकले.

"पात्यावर हे झाकण कधी बसवलं?"

"परवाच," सोसायटीचे सेक्रेटरी ऐटीत म्हणाले. "म्हटलं, पोराटोरांना लागायला नको. एका अर्जात काम झालं!"

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांचा तीन बोटांचा हात धरून त्यांनी तो सेक्रेटरींच्या नाकासमोर नेला.

"ह्याच झाकणासाठी ह्यांनी नऊ वर्षं अर्ज केले होते," त्या कडाडल्या, "मशीन चालू होतं तेव्हा!"