फवारलेली भिंत

साखळीच्या बाजारात माझं किरकोळ सामानाचं दुकान आहे. डासांवर म्हणून जे जे निघालं ते सगळं मी विकलं. कॉइल, उदबत्ती, अंगाला चोळायचं मलम, प्लगमध्ये खोचायची बाटली, चटचट वाजणारी बॅट, मच्छरदाणी. गिऱ्हाईक विचारतं, यातलं चालतं कुठलं? मी म्हणतो, सगळंच. खरं सांगायचं तर मला काही पत्ता नाही. दिवेलागणीला याच दुकानात जळारं मला फोडून काढतात आणि मी जुन्या वर्तमानपत्राने स्वतःचेच पाय बडवत बसतो. डासाला आम्ही जळार म्हणतो. दुसरा शब्द त्याला शोभत नाही.

माझा गोंधळ आजचा नाही. माझं गाव हळर्ण, पेडणे तालुक्यात. लहानपणी तिथे संध्याकाळी घमेल्यात नारळाची सोडणं पेटवून वर निगडीचा पाला टाकत. जळारं जात की नाही कोण जाणे, आम्ही मात्र डोळे चोळत बाहेर पळायचो. मग सरकारी फवारणीवाले आले आणि धूर करणं अडाणीपणाचं ठरलं. पुढे फवारणी बंद पडली आणि विहिरीत सोडायला बारके मासे आले. त्यांचं नाव गप्पी. आता मासा कधी गप्पा मारतो? पण आईला त्याहून मोठा प्रश्न पडला. विहिरीत मासे, मग सोमवारी त्या पाण्याने देवाला आंघोळ घालायची की नाही? शेवटी तिनेच निकाल दिला की हुमणात, म्हणजे कालवणात, पडत नाही तोवर त्याला मासा धरायचं नाही. मग यंत्राने धूर सोडणारे आले. म्हणजे फिरून धूरच, फक्त या वेळी सरकारी. बाहेरची जळारं त्याला भिऊन घरात यायची. आणि आता आरोग्य केंद्राची जी मुलगी येते ती फ्रिजच्या मागचं ताट ओढून त्यात पाणी आहे का ते बघते. दर वेळी कुणीतरी येऊन सांगतं, आता हे करा. आधीचं संपलं, हे सांगायला मात्र कुणी येत नाही. मला याची नुसती गंमत वाटायची. आमच्याच घरात त्यापायी काय होऊन बसलं होतं, ते मला यंदाच्या चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, कळलं नाही.

फवारणीवाले मला चांगले आठवतात. दोघे असायचे. एक जण पंपावर पाय रोवून दांडा खालीवर करायचा, दुसरा लांब नळीने भिंत वरून खाली भिजवत जायचा. त्याआधी हंडे, कळशा, गोधड्या, देवसुद्धा अंगणात. आम्हा पोरांना तो सणच वाटे. ते गेल्यावर घरभर उग्र वास आणि तांबड्या मातीच्या भिंतींवर पांढरे ओघळ. ढेकूण मेले म्हणून बायका खूश झाल्या. मग मांजरं मरायला लागली, उंदीर माजले, आणि त्याच बायका फवारणीवाल्यांचा उद्धार करू लागल्या. जाताना ते बजावून जायचे की पावसाळा सरेपर्यंत भिंतीला माती किंवा चुना लावू नका, औषध झाकलं जातं, मग त्याचा उपयोग नाही. बायका होय म्हणायच्या. पण पावसाळा सरायच्या आत चवथ यायची, आणि चवथीला न लिंपलेल्या घरात गणपती बसवायचा हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही. फवारणीवाल्यांच्याही घरी चवथ असायचीच. त्यांच्या बायका काय करत असतील, देव जाणे.

माझे वडील तेव्हा डिचोलीकडे एका खाणीवर कामाला होते. तिथेच पत्र्याच्या शेडीत राहायचे आणि सुट्टी मिळेल तेव्हा घरी यायचे. मी खालच्या वर्गात होतो. त्या वर्षी ते चवथीच्या आदल्या दिवशी आले. गणपतीच्या डोक्यावर फळं आणि रानातली पानं टांगतात ती माटोळी त्यांनी बांधली, मला खांद्यावर घेऊन तिच्यातली एक सुपारी माझ्या हाताने बांधून घेतली. आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन करून नदीवरून परतताना त्यांना हुडहुडी भरली. वर गोधड्या घातल्या तरी थांबेना. ताप डोक्यात गेला, असं मोठी माणसं बोलत होती. त्यांना इस्पितळात नेलं ते परत आलेच नाहीत. मला तेव्हा रडूसुद्धा आलं नाही, कारण ते खाणीवर गेलेत आणि सुट्टीला येतील असंच बरेच दिवस वाटत राहिलं. अजूनही त्यांची आठवण आली की आधी तेच वाटतं.

त्यानंतर आमचा गणपती मधल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आला. आणि मधल्या खोलीतल्या ज्या भिंतीला तो टेकून बसायचा, तिला आई हात लावू देईना. पुढच्या फवारणीचे पांढरे ओघळ तिच्यावर पडले ते पडले. मी कमवायला लागल्यावर घर चिऱ्यांचं केलं, बाकीच्या भिंतींना गिलावा झाला, ही एक मातीची तशीच राहिली. तिचे पोपडे आई केरसुणीनेसुद्धा झाडत नसे. मला वाटायचं, तिथे वडील टेकून बसायचे म्हणून असेल. मग वाटलं, काही नवस असेल. माझी बायको म्हणायची, सासूबाईंचा हट्ट, दुसरं काय. आईला विचारलं की ती म्हणायची, "आसांदे." राहू दे. या शब्दापुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही.

आई आता पुष्कळ थकली आहे, पण हळर्ण सोडून साखळीला यायला तयार नाही. यंदा मी ठरवलं, पुरे झालं. चवथीला सगळे जमतात, आलेला माणूस त्या भिंतीकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. सावंतवाडीकडचा एक रंगारी ठरवला आणि पहिल्याच सकाळी त्याला सांगितलं, मधल्या खोलीपासून सुरुवात कर. तो खरवडणी घेऊन आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"काका, आजी थंयसर स्टूल घेवन बसली हा. उठना नाय."

मी आत गेलो. आई भिंतीला पाठ लावून बसली होती. मी आवाज चढवला, तो मला चढवायला येतोच. लोक काय म्हणतील, भिंत कोसळेल, तुझ्या डोक्यावर पडेल, सगळं बोलून झालं. ती म्हणाली, "ही न्हय. दुसरी खंयची आसा ती रंगय."

नेमकी त्याच वेळी आरोग्य केंद्राची मुलगी आली. तिने तुळशीकडची बालदी पाहिली, फ्रिजमागचं ताट ओढलं, अंगणातली पाणी साचलेली करवंटी उपडी केली आणि आम्हाला दटावलं. पाण्यात अंडी घातल्यापासून जळार उडायला आठवडाभर लागतो, म्हणून दर आठवड्याला पाणी ओता. ते चावलं की हिंवताप यायला आणखी आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून ताप आल्यावर शोधून उपयोग नसतो. ती हे पाठ केल्यासारखं सांगत होती. आई स्टुलावरूनच ऐकत होती. मग तिने मुलीला हाक मारली.

"बाय, भिंतीक हात कधी लावूंक मेळतलो?"

"खंयच्या भिंतीक, आजी?"

"फवारलेल्या."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. ती म्हणाली, "आजी, हांगा भिंती आतां कोण फवारिना. माझ्या जल्माआदीं बंद जालां तें."

"बंद जालां?" आई म्हणाली. "आनी माका कोणी सांगूंक ना?"

मुलगी पुढच्या घरी गेली. रंगारी अंगणात विडी ओढायला बसला. मी आईसमोर जमिनीवर बसलो आणि प्रथमच नीट विचारलं. आणि तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात.

"तेणी सांगलेलां, भिंतीक हात लावूं नका म्हणान. मी होय म्हटलां. पूण देवाच्या पाठीमागे ते पांढरे ओघळ... माका बघूंक जायना. तुझो बापूस येवच्या आदल्या दिसा मी माती कालवलंय आनी तेवडीच एक भिंत लिपलंय. तो येवन हांगाच निजलो. आनी तिसऱ्याच दिसा तेका हिंव भरलां."

इतकी वर्षं! मी त्या भिंतीवरून तिच्याशी भांडत होतो, बायको हसत होती, आणि ही बाई मनात हे घेऊन त्याच घरात चूल पेटवत होती. मला तिचा राग आला, दया आली, काय आलं ते मलाच कळेना. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. डासांच्या बाबतीत आयुष्यात एकदाच मला काहीतरी स्वच्छ कळलं आणि त्याचा मला केवढा आनंद झाला.

"गे आई," मी म्हटलं, "ती मुलगी काय म्हणाली आईकलंस मगो? चावल्यावर ताप यायला आठवडा जातो. निदान आठवडा. तू लिपलंस, बाबा आले, तिसऱ्या दिवशी हुडहुडी. मग तुझ्या भिंतीवरचं जळार कसं असेल ते? ते चावलं तेव्हा तुझी भिंत फवारलेलीच होती. तेव्हा बाबा घरात नव्हतेच मुळी. खाणीवर होते. तिथे खड्ड्यांतून पाणीच पाणी. तिथेच चावलं त्यांना. भिंतीचा काही संबंध नाही, तुझा काही संबंध नाही."

मी बोटं मोजून पुन्हा एकदा समजावलं. दुकानात बॅट कशी चालते ते दाखवतो तसं. आई माझ्या बोटांकडे बघत होती. तिला पटत होतं, ते दिसत होतं. चेहरा सैल झाला. मला वाटलं आता रडेल आणि मोकळी होईल. मी रंगाऱ्याला हाक मारणारच होतो.

"खाणीर चावलां," ती म्हणाली.

"होय तर."

"खाणीर तेका कोणी धाडलेलां, तुका खबर आसा?"

मला खबर नव्हती.

"तेका जावचा नव्हता. शेतीच बरी, म्हणी होतो. मी पाठी लागलंय, पगाराचे पैशे जाय म्हणान. तुझ्या मामाक सांगान काम बघूंक लायलंय. तरी जायना, तेवां अबोलो धरलंय. जेवण वाढी, पूण उलयना. मगे गेलो. लिपलंय तां देवाक बरा दिसूंक. पूण तेका थंय धाडलंय तां माका बरा दिसूंक."

बाहेर रंगाऱ्याने डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मघाचा माझा सगळा शहाणपणा तोंडात मातीसारखा लागत होता. मी चाचरत सुरुवात केली. म्हटलं, तसं नक्की काही नसतं गे. ती मुलगी काल-परवाची, तिला कुणीतरी शिकवलं ते ती बोलते. तेव्हाची जळारं वेगळी होती. तेव्हाचा तापही वेगळा, एकेकाला दोन दिवसांतसुद्धा यायचा, माझ्या दुकानात लोक सांगतात. कुणीही असलं काही माझ्या दुकानात सांगितलेलं नाही. मी बोलत गेलो, एकातून दुसरं, गप्पी मासे, धुराची गाडी, कशाचा कशाला मेळ नाही. मघाशी ज्या बोटांवर भिंत सोडवली त्याच बोटांवर तिला परत अडकवत होतो.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग मागे हात नेऊन तिने भिंतीला तळवा लावला. थोडी माती तिच्या हाताला आली.

"म्हणजे भिंतच आसतली?" तिने विचारलं.

"भिंतच," मी म्हटलं.

"सारकां सांग. भिंतच मगे?"

"होय गे आई. भिंतच."

"तर मग ती आसा तशी रवांदे," ती म्हणाली, आणि मी रंगाऱ्याला बाहेरच्या खोलीपासून सुरुवात करायला सांगितलं.