पेशीबाईंनी मागितलेली माफी

आमच्या पेशीबाई फळ्यावर फारसं लिहीत नसत. भवानीनगरला अकरावी-बारावीचं जीवशास्त्र त्यांनी आम्हाला दोन हातांनी शिकवलं. मूठ म्हणजे पेशी, बोटं म्हणजे तिच्या अंगावरची चिकट प्रथिनं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून त्या म्हणायच्या, "पेशी अशा एकमेकींना धरून असतात, म्हणून तू माणूस आहेस. नाहीतर नुसता रबडा झाला असतास." त्यांचं खरं नाव आम्हा मुलांच्या तोंडी कधी आलंच नाही.

शिकवून झालं की कुणाकडे तरी वळून म्हणायच्या, "आता तू सांग." उत्तर चुकलं तर रागवत नसत. गप्प बसलेलं मात्र त्यांना खपायचं नाही.

लग्नाला सहा वर्षं होऊनही आम्हाला मूल नव्हतं. पणदऱ्याच्या आमच्या घरात त्याचा सगळा दोष संगीतावर, माझ्या बायकोवर होता. तिच्या तपासण्या झाल्या, उपास झाले, आईची बोलणी तर रोजचीच. माझी तपासणी मी बारामतीत चोरून केली. वीर्यात शुक्राणू नव्हते. मग डॉक्टरांनी अंडकोषातला बारीकसा तुकडा काढून तपासला. घरी सांगितलं, गाडीवरून पडलो. दुसरा रिपोर्ट आला तो घेऊन मी बाईंकडे गेलो. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या.

"मान वर कर, दत्ता. यात लाजण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांचे हात पुन्हा सुरू झाले. "अंडकोषात पोसणाऱ्या मोठ्या पेशी असतात. कोवळ्या शुक्रपेशी त्यांना चिकटून वाढतात. पकड घट्ट हवी, पण त्यांना पुढं सरकता येईल इतकी सैलही पडायला हवी. पूर्ण तयार झाल्यावरच सोडायचं. तुझ्या रिपोर्टात कोवळ्याच सुटून पडलेल्या दिसतात. का सुटतात, ते मला सांगता यायचं नाही." मग कागदाची घडी घालत त्यांनी विचारलं, "संगीताला सांगितलंस?"

"होय, बाई," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

पुढच्याच महिन्यात अंथुर्ण्याच्या एका लग्नात बाईंनी संगीताचा हात हातात घेतला. "दत्ताचा रिपोर्ट मी वाचला. तू त्याला एका शब्दानं दुखवलं नाहीस, मोठ्या मनाची आहेस." संगीताला काहीच ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "बाईंना कळलं, मग मला का न्हाय?"

तिसऱ्या दिवशी बाई एसटीनं आमच्या दारात उतरल्या. लग्नात संगीताचा चेहरा पाहून त्यांना सगळं उमगलं होतं. अंगणात उभ्या राहून त्यांनी तिला हात जोडले. "जे मी सांगायचं नव्हतं ते माझ्या तोंडून गेलं. मला माफ कर."

अंगणातच म्हशीची धार काढता काढता आईनं वर पाहिलं. "कसली माफी, बाई? काय झालंय?"

बाई माझ्याकडे वळल्या. "आता तू सांग."

मी वैरणीची पाटी उचलली आणि गोठ्यात शिरलो. तिथं मला बाहेरून आईचा आवाज ऐकू आला, "हिच्यापायी तुमाला एवढ्या लांब यावं लागलं व्हय?" तेव्हाही मी बाहेर आलो नाही. आलो तेव्हा बाई गेलेल्या होत्या आणि संगीता त्यांचा न प्यायलेला चहा मोरीत ओतत होती.

आईला मी आठ दिवसांनी सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "सा वरसं मी त्या पोरीला खाल्लं. आन् तू बघत बसलास." त्या दिवसापासून ती संगीताला शेजारी घेतल्याशिवाय जेवायला बसत नाही. बाईंकडे जायचं मात्र मी उद्यावर ढकलत राहिलो. दिवाळी झाली आणि बाई गेल्या.

शाळेत शोकसभा झाली. जुना विद्यार्थी म्हणून मला बोलायला उभं केलं. बाईंचे हात, त्यांचं शिकवणं, सगळं मी रंगवून सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो आणि बायकांच्या बाजूला संगीता उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती चारचौघांत बोलत होती.

"बाई माझी माफी मागायला आमच्या दारात आल्या व्हत्या," ती म्हणाली. "चूक त्यांची नव्हती."

एवढं बोलून ती बसली. मग कुणाची, असं कुणी विचारलं नाही. मला उठता आलं असतं. मी सतरंजीकडे बघत बसून राहिलो.