लिंबाजीची पकड

सामना सुरू होण्याआधी लिंबाजी समोरच्या संघातल्या सातही गड्यांच्या पाया पडायचा. रांगेनं, एकेकाच्या, नीट वाकून. "आताच माफी मागून घेतो, भाऊ. मागून ध्यानात राहत न्हाई," असं प्रत्येकाला सांगायचा. गडी आधी हसायचे. मग त्यांचं लक्ष त्याच्या हातांकडे जायचं आणि हसू मावळायचं. लिंबाजीच्या हुतूतूच्या संघाचा कप्तान मी होतो, आणि ज्या गुन्ह्याची माफी लिंबाजीनं मागून ठेवली होती तो अजून घडायचा होता.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. मी नांदेडला शाळामास्तर होतो. गोदावरीच्या काठी, घाटापासून थोडं वर, आमचं मैदान होतं. मैदान म्हणजे काय, बाभळी तोडून सपाट केलेली जागा आणि राखेनं आखलेल्या रेघा. पण त्या दिवसांत सभा भरवायची सोय नव्हती, वाचनालयात कोण बसतं यावर नजर असे, रस्त्यात चार माणसं बोलत उभी राहिली तरी कुणीतरी हटकायला येई. संध्याकाळी पन्नास-साठ जणांनी एकत्र जमावं, घसा फुटेस्तोवर ओरडावं, हसावं, अशी एवढी एकच जागा गावात उरली होती. तिचा परवाना अमीनसाहेबांच्या सहीनं मिळायचा. अमीन म्हणजे पोलिसांचा फौजदार. दर सहा महिन्यांनी मी टोपी सारखी करून त्यांच्यासमोर उभा राहायचो, आणि ते सही करताना न चुकता बजावायचे, "मास्टर, खेलना है तो खेलो. लेकिन झगडा हुआ, तो मैदान बंद."

माणूस वाईट नव्हता. कधीमधी स्वतःच खेळ बघायला येऊन उभा राहायचा. पण माझा स्वभाव मुळातच धास्तीचा. 'मैदान बंद' हे दोन शब्द मी घरी घेऊन यायचो आणि जेवताना, शाळेत पाढे म्हणून घेताना, अंघोळ करतानासुद्धा ते माझ्याबरोबर असायचे. "तुम्हाला कप्तान केलं तरी कुणी?" असं बायको विचारायची. तिचा प्रश्न रास्त होता.

लिंबाजीची आणि माझी पहिली भेट त्याच्या पकडीतच झाली. मुदखेडला मैत्रीचा सामना होता. तो तिथं रेल्वेत खलाशी होता, रूळ-स्लीपर बदलणाऱ्या टोळीत. मी चढाईला गेलो आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या या काळ्या, बुटक्या माणसानं माझा घोटा धरला. माझा दम गेला, शिट्टी झाली, मी बाद झालो. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण हा सोडेना. पंच ओरडले, त्याचे स्वतःचे गडी ओरडले, मी तर केव्हाचा ओरडत होतो. शेवटी दोघांनी मिळून त्याचं एकेक बोट सोडवलं. शिट्टीनंतर न सोडल्याबद्दल नियमाप्रमाणे त्यांचा एक गडी बाहेर गेला आणि माझा पाय भोपळ्यासारखा सुजला.

सामन्यानंतर तो करडईच्या तेलाची बाटली घेऊन माझ्याजवळ आला. पाय मांडीवर घेऊन अर्धा तास चोळत बसला.

"लई दुखून राहिलं का, मास्तर?"

"शिट्टी ऐकू आली नाही का तुला?"

"आली की. मला आली. हाताला न्हाई आली."

मी रागावलो तेव्हा त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. टोळीतले आठ जण मिळून रूळ उचलतात. एकदा उचलला की जागेवर पोचेपर्यंत कुणी सोडायचा नसतो. हात सोलू द्या, कमरेत कळ येऊ द्या, काहीही होऊ द्या. "एकानं सोडला तं बाकी सात जणाचे पाय खाली असतेत," तो म्हणाला. "बारा वर्सं झाली, हाताला तेवढंच शिकवलं. धरायचं. सोडायचं शिकवलं न्हाई कुणी."

हा माणूस आपल्या संघात घ्यावा की नाही, यावर पुढं महिनाभर आमच्यात वाद चालला. लातूरच्या संघानं सलग दोन वर्षं आम्हाला आमच्याच मैदानावर हरवलं होतं. त्यांचा शिवाप्पा नावाचा उंच गडी आमचा डावा कोपरा घरच्या अंगणासारखा वापरायचा. त्याला अडवणारं कुणीतरी हवंच होतं. संघाचे वडीलधारे दत्तोपंत वकील लिंबाजीच्या बाजूनं होते. दत्तोपंतांनी आयुष्यात कधी चढाई केली नव्हती, पण एकही सामना चुकवला नव्हता. मी म्हणायचो, जेवढे धरील तेवढेच आपले बाहेर घालवील. शेवटी चार सामने खेळवून बघायचं ठरलं. लिंबाजी सुट्टी काढून मुदखेडहून गाडीनं येऊ लागला. मी सदऱ्याच्या एका खिशात त्याच्या पकडींचे चिंचोके टाकायचो आणि दुसऱ्या खिशात त्याच्या आगळिकीमुळं बाहेर गेलेल्या आपल्या गड्यांचे. चार सामन्यांनंतर दोन्ही खिसे दत्तोपंतांच्या बैठकीवर रिकामे केले. अकरा पकडी, आणि बाहेर गेलेले गडी दहा.

"बघा," मी म्हणालो. "एका चिंचोक्यासाठी एवढा जीव टांगणीला लावायचा?"

दत्तोपंतांनी चिंचोक्यांकडे पाहिलंही नाही. "मास्तर, त्याला बघून जे त्या कोपऱ्याकडं फिरकलेच न्हाईत, त्यांचे चिंचोके कोणत्या खिशात हायेत?"

मी चिंचोके गोळा केले. लिंबाजी संघात आला.

तो आल्यावर आम्ही जिंकू लागलो, हे खरं. माझी झोप उडाली, हेही खरं. भोकरच्या संघाविरुद्ध त्यानं एकाचा सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत फाडला. आमचा गडी बाहेर गेला, भोकरची माणसं मैदानात घुसली, दोन-चार थपडा इकडून तिकडे गेल्या. मी हात जोडत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होतो. सगळं शांत झाल्यावर बघतो तर लिंबाजी गायब. तासाभरानं सापडला तो भोकरची मंडळी उतरली होती त्या धर्मशाळेत. सुईदोरा घेऊन तो सदरा शिवत बसला होता, आणि ज्याचा सदरा होता तो उघड्या अंगानं शेजारी बसून त्याला कंदील धरत होता. दोघांची गावाकडच्या ज्वारीवर चर्चा चालली होती. टाके इतके बारीक घातले होते की माझ्या बायकोलाही जमले नसते. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण थपडांची बातमी कचेरीत पोचली होती. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. अमीनसाहेब त्या दिवशी नेहमीसारखे बोलले नाहीत. गावात वर्दीतली नवी माणसं फिरू लागली होती, त्यांच्यावरही वरून दाब असावा. "लातूरवालों के साथ जो मॅच है, उसमें मैं खुद बैठूंगा," ते म्हणाले. "उस मुदखेडवाले को समझाओ, या निकालो. एक भी हाथापाई हुई, तो परवाना वहीं फाड दूंगा."

त्यानंतरचे दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. लिंबाजीला काढावं तर शिवाप्पाला पुन्हा रान मोकळं. ठेवावं तर मैदान जाणार. माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो फाटणारा कागद यायचा. आणि मग मला एक युक्ती सुचली, जिची मला आजही लाज वाटते.

सामन्याच्या सकाळी मी लिंबाजीला घाटावर नेलं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेचं पाणी हातात घेऊन केलेला शब्द मोडायचा नसतो. मी म्हणालो, "लिंबाजी, पाणी हातात घे. शिट्टी झाली की सोडीन, अशी शपथ घे."

त्यानं ओंजळ भरली आणि तसाच उभा राहिला. ओंजळीतलं पाणी गळून गेलं. पुन्हा भरली.

"खोटी शपथ कामून घेऊ, मास्तर? धरल्यावर सोडणं माझ्यानं हुईना." मग बराच विचार करून म्हणाला, "धरणारच न्हाई, अशी घेऊ का?"

कप्तान म्हणून मी त्याच क्षणी 'नको' म्हणायला हवं होतं. पकडीच्या गड्यानं पकडच करायची नाही, तर त्यानं मैदानात उतरायचं कशाला? पण मला दत्तोपंतांचं बोलणं आठवलं. हा नुसता कोपऱ्यात उभा राहिला तरी लातूरकर तिकडे फिरकणार नाहीत. मैदानही वाचेल आणि सामनाही. "घे," मी म्हणालो.

त्यानं पाणी सोडलं.

संध्याकाळी अमीनसाहेब खुर्ची टाकून मधल्या रेघेच्या समोर बसले. मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. लिंबाजीनं नेहमीसारख्या सगळ्यांच्या पाया पडून माफ्या मागितल्या. मी मनात म्हणालो, आज तुझी माफी फुकट जाणार.

आणि माझी युक्ती चालली. लातूरचा एकेक गडी यायचा, डाव्या कोपऱ्याकडे एक नजर टाकायचा आणि उजवीकडे वळायचा. स्वतः शिवाप्पासुद्धा. उजवीकडे आम्ही तयारीतच होतो. मला मात्र खेळ दिसतच नव्हता. माझा एक डोळा अमीनसाहेबांच्या खिशातल्या परवान्यावर आणि दुसरा लिंबाजीवर. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले होते, आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई लातूरची, शिवाप्पाची. तो उजवीकडे आला, आमच्या तिघांनी त्याला घेरलं, आणि निसटण्यासाठी तो मागे सरकत सरकत डाव्या कोपऱ्यात गेला. लिंबाजीच्या अगदी पुढ्यात. त्याची पाठ याच्याकडे होती आणि दम संपत आला होता. 'हुतूतू'मधला नुसता 'तू तू' तेवढा ऐकू येत होता. घोटा वीतभर अंतरावर होता. आमची सगळी माणसं एका आवाजात ओरडली, "लिंबाजी, धर!"

मीही ओरडलो असतो. माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अमीनसाहेब खुर्चीवरून अर्धे उठलेले दिसले, आणि मी गप्प बसलो.

लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. शिवाप्पानं वळून त्याच्या खांद्याला हात लावला आणि रेघ ओलांडून तो पलीकडे जाऊन पडला. एका गुणानं आम्ही हरलो.

जिंकल्याचा जल्लोष बाजूला ठेवून शिवाप्पा तसाच धापा टाकत लिंबाजीपाशी आला. "का धरलं न्हाईस गा? माझा दम संपला हुता. तू नुसतं बोट लावलं असतंस तरी मी बसलो असतो."

लिंबाजीनं पाठीमागचे हात पुढं घेतले. त्याच्या उजव्या मनगटावर त्याच्याच बोटांचे पाच निळे वळ उठले होते. कडेला लोक त्याला नाही नाही ते बोलत होते. लातूरवाल्यांनी फितवला, इथपर्यंत कुणीतरी मजल मारली. शपथेची गोष्ट एका शब्दात सांगता आली असती. त्यानं ती सांगितली नाही. मीही नाही. अमीनसाहेब जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेले, "शाबास मास्टर. ऐसा खेलो." माझं मैदान वाचलं होतं.

ते वीस दिवस वाचलं. मग वरून हुकूम आला आणि गावातली सगळी मैदानं आणि तालमी बंद झाल्या. झगडा झाला म्हणून नाही, काही झालं म्हणून नाही. अमीनसाहेबांनी मला बोलावून कागद दाखवला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. राखेच्या रेघा वाऱ्यानं केव्हा पुसल्या ते मी बघायला गेलो नाही.

त्याच महिन्यात लिंबाजीची बदली इस्लापूरकडच्या टोळीत झाली. तिकडे जंगल, आणि तापाची साथ कायमची. पुढच्या पावसाळ्यात तो त्या तापातच गेला, हे मला फार उशिरा कळलं. तो निघाला त्या दिवशी मी मुदखेडच्या फलाटावर गेलो होतो. तीच आमची शेवटची भेट.

वळकटीवर बसून तो बिडी ओढत होता. मला बघून उठला, जागा पुसून दिली. मी मैदान बंद झाल्याचं सांगितलं. त्याला ते आधीच कळलं होतं.

"तुमी काय करनार, मास्तर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. त्यानं बिडीची राख झटकली. "शपथीचं काई न्हाई. मीच घेतली. पर मैदान तं जायाचंच व्हतं की." बिडी विझवून त्यानं ती कानावर ठेवली. "मंग येक पकड तं करू द्याची व्हती."

'माझं चुकलं' हे दोनच शब्द होते. ते ओठांवर आले होते. गाडी लांबून दिसू लागली होती, वेळ अजून होता.

"इस्लापूरचं पाणी कसं आहे रे?" मी विचारलं.

"चांगलं हाय म्हनतेत," लिंबाजी म्हणाला आणि त्यानं वळकटी उचलली.